शिक्षक-प्रतिनिधी : एका जागेचा इतिहास

शिक्षणसंस्थांचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. आधी संस्थापकांची नावे यावयाची, मग देणगीदारांच्या रकमा, मग कोनशिला बसविणाऱ्या पाहुण्यांची यादी, आणि शेवटी मॅट्रिकच्या निकालाचे आकडे. या इतिहासात साधा शिक्षक शोधू गेल्यास तो सापडतो समूहछायाचित्राच्या मागच्या रांगेत. त्याचे नाव ठळक होते ते बहुधा दोनच प्रसंगी : तो फार मोठा झाला म्हणजे, किंवा त्याने राजीनामा दिला म्हणजे.

आज ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे, तो वरवर पाहता अगदी लहान आहे. शाळेच्या शिक्षक-पालक संघात आणि शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी बसतो. ही जागा नव्हती तेव्हा काय होत असे, ती कशी आली, आणि ती आल्यावर आपण तिचे काय केले, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु या लहान प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. ज्याचा पगार एकाच्या हाती आहे आणि ज्याच्या ओटीत मुले दुसऱ्याची आहेत, अशा माणसाने खरे बोलावे तरी कोठे उभे राहून?

महाराष्ट्रातील थोर शिक्षकांची चरित्रे आठवून पाहा. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. शिकविणाऱ्यांनीच संस्था चालवावी, ही आजीव सभासदांची कल्पना त्या काळी केवढी धाडसाची होती! तरीही मतभेद विकोपास गेले तेव्हा टिळकांना १८९० मध्ये बाहेर पडावे लागले. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षे मुलांचे आईपण करणारे साने गुरुजी १९३० मध्ये शाळा सोडून सत्याग्रहात गेले. आपल्या मराठवाड्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि नंतर अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ज्यांनी घडविले, ते स्वामी रामानंद तीर्थ १९३८ मध्ये शाळेचा निरोप घेऊन हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कामात उतरले. प्रत्येकाची कारणे वेगळी, काळ वेगळा, आणि त्यांच्या त्यागाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि या चरित्रांतून एक गोष्ट उघड दिसते. शिक्षकाचे मत शाळेच्या चौकटीत मावेनासे झाले की त्याच्यापुढे दोन वाटा उरत : गप्प बसावे, किंवा शाळा सोडावी. थोरांनी दुसरी वाट धरली. सामान्य शिक्षकाने, घरी म्हातारे आईबाप आणि शिकती मुले असल्यामुळे, पहिली धरली. त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. तिसरी वाट त्याला कोणी बांधून दिली होती काय, हे आधी विचारले पाहिजे.

पालकाची स्थिती तरी काय होती? त्याच्याशी सरकार बोलत असे ते बहुधा दंडाच्या भाषेत. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच मार्ग धरला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. हेतू अत्यंत उदात्त होता आणि त्या दंडाने अनेक घरांत पहिले अक्षर शिरले, हे निर्विवाद आहे. परंतु दंड भरणारा पालक शाळेत येऊन दोन शब्द सांगू शकेल, अशी बैठक त्या योजनेत नव्हती. पुढे ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अंगणवाडीचा प्रयोग केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्यामागील सूत्र. त्या अंगणात शिक्षिका गेली, तेव्हा आई तिच्यासमोर आपोआप आली. शिक्षक आणि पालक यांची भेट दंडावाचून होऊ शकते, याचा तो धडा होता.

परदेशांतही ही भेट सहजासहजी घडलेली नाही. इंग्लंडात शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १८८७ च्या सुमारास पालकांची शिक्षण-संघटना उभारली. अमेरिकेत १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातूनच पुढे तेथील पालक-शिक्षक संघ वाढला. नावावरूनच दिसते की आरंभ मातांनी केला. शिक्षक त्या नावात मागाहून आले. आणि त्या देशातही काळ्या मुलांच्या पालकांना व शिक्षकांना १९२६ मध्ये आपली निराळी संघटना काढावी लागली. ती मूळ संघटनेत विलीन होण्यास १९७० साल उजाडले. सगळ्यांना एका सतरंजीवर बसविणे कोठेच सोपे गेलेले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तेथील माध्यमिक व वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातच स्थापन झाले. येथे एका गैरसमजास जागा राहू नये. उर्दू ही या शहराचीही भाषा आहे. मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या विद्वानाने अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम अनेक वर्षे औरंगाबादेत राहून केले, शाळाखात्यात आणि येथील इंटरमीजिएट कॉलेजात सेवा केली, ही शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयत्नही आपल्या जागी मोठाच होता. अडचण निराळीच होती. मराठी, कानडी किंवा तेलुगू घरातील मूल ज्या भाषेत धडा ऐके, ती भाषा त्याच्या आईबापांच्या कानास परकी होती. मुलाने पाटीवर काय लिहून आणले हे बापास कळत नसे, आणि बापाची अडचण दरबारी कागदात कशी मांडावी हे शाळेस ठाऊक असले तरी तसे विचारणारे कोणी नव्हते.

अशा वेळी शाळा आणि घर यांना जोडणारा धागा एकच होता. तो म्हणजे शिक्षक. औरंगाबादेत सरस्वती भुवन १९१५ मध्ये सुरू झाले, हिप्परग्याची शाळा १९२१ मध्ये निघाली. लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या अशा संस्थांत शिक्षकाला दारोदार जावे लागे. तो वर्गणी मागे, मुले मागे, आणि मुलगी शाळेत धाडा म्हणून विनवणीही करी. त्याला कोणी प्रतिनिधी म्हणून निवडले नव्हते, पण काम तो प्रतिनिधीचेच करीत होता. घरातील बोलणे शाळेत आणि शाळेतील बोलणे घरात पोहोचविणारा तोच. मात्र हे सारे उंबऱ्यावरचे बोलणे होते. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी आणि जाहीर सभा भरवावयाची तरी सरकारी परवानगी, अशा राज्यात शिक्षक व पालक यांनी उघडपणे एकत्र बसून शाळेचा कारभार तपासणे कोठून शक्य व्हावे?

ही उणीव किती महाग पडली, ते नोव्हेंबर १९३८ मध्ये दिसून आले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी संप केला. ते लोण हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचले, शेकडो विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, आणि त्यांतील अनेकांना अखेर नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. या प्रसंगाचे वर्णन आपण नेहमी विद्यार्थ्यांच्या बाजूने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण क्षणभर त्या मुलांचे आईबाप आणि त्यांचे शिक्षक यांचा विचार करा. मुलाचे वर्ष बुडणार ही चिंता बापास होती. मुले चुकीचे काही करीत नाहीत असे मनातून वाटणारे शिक्षकही असतीलच. परंतु या दोघांनी समोरासमोर बसून अधिकाऱ्यांना काही सांगावे, अशी एकही जागा नव्हती. बाप अर्ज करू शके. शिक्षक सरकारचा नोकर होता. औरंगाबादेत त्या वेळी शिक्षक असलेल्या गोविंदभाई श्रॉफांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली आणि नोकरी सोडून ते मुक्तिलढ्यात शिरले. पुन्हा तीच दुसरी वाट. गोविंदभाई गेले ते इतिहासात आले. जे राहिले आणि मनातच कुढले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. घराची भाषा शाळेची भाषा झाली. पण १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यात दर शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. म्हणजे शाळेत येणारी बहुतेक मुले त्यांच्या घराण्यातील पहिली शिकणारी. अशा पालकाची उणीव कोणी भरून काढावी?

या प्रश्नाचे उत्तर या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृतीने दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० मध्ये येथे सुरू झाले, १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, आणि पुढे त्यास मिलिंद हे नाव मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीस आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे खेड्यापाड्यांतून आलेली मुले बसत. त्यांचे पालक फीचा कागद वाचू शकत नव्हते, मग सभेस येऊन प्रश्न विचारणे दूरच. तेथील वसतिगृहांत शिक्षक हाच पालक झाला. पालक शाळेत येऊ शकत नाही तेव्हा त्याच्या वतीने बोलणारा माणूस शाळेतच असला पाहिजे, ही गोष्ट नागसेनवनाने आपणांस शिकविली. एरवी आपण शिक्षक-प्रतिनिधी म्हणजे केवळ शिक्षकांचा वकील समजून बसतो.

मग कायदा आला, आणि तो तीन पायऱ्यांनी आला. पहिली पायरी १९७७ ची. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम त्या वर्षी झाला. त्याने शिक्षकाची नोकरी व्यवस्थापकाच्या मर्जीवरून उचलून नियमांवर ठेवली. शिक्षकास काढावयाचे तर तिघांची चौकशी समिती नेमावी लागते आणि तिच्यात त्या शिक्षकाने सुचविलेला एक सभासद असतो. याच कायद्याखालील नियमांनी शाळा समितीत कायम शिक्षकांना ज्येष्ठतेच्या क्रमाने, पाळीपाळीने जागा दिली. प्रतिनिधीच्या इतिहासात ही पायरी सर्वांत महत्त्वाची, असे आम्ही मानतो. उद्या नोकरी जाईल या भयाखाली बसलेला माणूस कोणाचाच प्रतिनिधी होऊ शकत नाही. आधी पाट स्थिर हवा, मग पान वाढता येते.

दुसरी पायरी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विनाअनुदानित शाळा वगळून इतर शाळांत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, एकूण निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि उरलेल्या थोड्या जागांत स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीबरोबर शिक्षकांचाही प्रतिनिधी. तिसरी पायरी २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाची. त्यानुसार शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांपैकी, सचिव शिक्षकांपैकी, दोन सहसचिव पालकांपैकी, आणि प्रत्येक इयत्तेमागे एक पालक व एक शिक्षक. व्यवस्थापनाला फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो.

दंडाच्या रुपयापासून या समितीपर्यंतचा प्रवास थोडा नाही. एके काळी ज्याला दंड होत असे तो पालक आज बहुमतात आहे, आणि राजीनाम्याखेरीज ज्याला बोलता येत नसे तो शिक्षक आज सचिवाच्या खुर्चीवर आहे. तिसरी वाट बांधून झाली आहे. पण तिच्यावरून आपण चालतो किती?

स्पष्टच बोलावयाचे तर, पुष्कळ ठिकाणी ही वाट कागदावर आहे. प्रतिनिधी निवडला जात नाही, नेमला जातो, आणि नेमताना जो ‘हो’ म्हणण्यात तरबेज त्याचे नाव आधी सुचते. इतिवृत्त सभेपूर्वीच तयार होते आणि शिपाई ते घरोघर सह्यांसाठी फिरवितो. पालकही निकालाच्या दिवशी येतात, आपल्या मुलाचे गुण विचारतात आणि जातात. सभा सकाळी ११ ला ठेवली की रोजावर जाणारी आई येत नाही, आणि ती आली नाही याची नोंद ‘अनुपस्थित’ अशी होते. तिचा दिवसाचा रोज बुडू नये म्हणून सभा संध्याकाळी घ्यावी, ही सूचना कोणी मांडावी? मुख्याध्यापकांना कारभार पाहावयाचा असतो, इतर पालकांना ती आई ठाऊक नसते. तिचे मूल ज्याच्या वर्गात रोज बसते, त्या शिक्षकालाच ते ठाऊक असते. म्हणून ती सूचना त्याचीच.

याहून कठीण प्रसंग फीचा. ज्या शाळेत शिक्षकाचा पगार फीतूनच निघतो, तेथे फीवाढीस विरोध करणाऱ्या पालकाचे म्हणणे शब्दशः टिपून घेणे हे सचिव-शिक्षकाचे काम ठरते. आपल्याच ताटातील भाकरीविरुद्धचा युक्तिवाद आपल्याच हाताने लिहावयाचा! त्याने पालकांच्या बाजूने मत द्यावे अशी आमची अपेक्षा नाही. आपला पगार वेळेवर व पुरेसा झाला पाहिजे, हेही त्याने त्याच सभेत न लाजता सांगावे. परंतु नोंद खरी असावी. दोन्ही बाजूंचे म्हणणे जसे झाले तसे वहीत उतरले, तर वाद पुढे कोणापुढेही गेला तरी न्यायाला पाया सापडतो. रानडे-टिळकांच्या काळापासून आपण सभा भरवीत आलो, पण सभेची वही प्रामाणिक ठेवणे ही विद्या अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

आणि आता मराठवाड्याचा खास प्रसंग. दिवाळी सरली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि गाडीत भांड्याकुंड्यांबरोबर मुले. सहा महिने शाळा सुटते, आणि पुष्कळदा ती कायमची सुटते. यावर राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. आईबाप फडावर गेले तरी मूल गावात राहावे, दोन वेळा जेवावे आणि शाळेत यावे, ही तिची रचना. ज्यांना जावेच लागते, त्यांच्या मुलांस नव्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे.

कागदावर हे सारे चोख दिसते. पण समितीत प्रश्न येतो तेव्हा तो असा येतो : “गुरुजी, पोरीला मागं ठेवून जावं कसं? रात्रीचं तिच्याजवळ कोण?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. कोणाची आजी घरी आहे, कोणाची चुलती मायाळू आहे, कोणत्या मुलीला मागे ठेवणे खरोखर धोक्याचे आहे आणि तिला कार्ड देऊन आईबरोबर धाडणेच शहाणपणाचे, हे जाणणारा माणूस त्या बैठकीत हवा. यादी गाड्या निघण्याआधी झाली पाहिजे, गाड्या गेल्यावर केलेली यादी रजिस्टराची शोभा वाढविते. समितीतील पालकांपैकी काही स्वतःच गाडीत बसलेले असतात. उरतो शिक्षकांचा प्रतिनिधी. त्याने त्या आठवड्यात तोंड उघडले तर चार मुले शाळेत राहतात, न उघडले तर चार मुलांच्या हाती पुढेमागे कोयता येतो.

म्हणून या प्रतिनिधीकडून कशाची अपेक्षा धरावी, ते थोडक्यात सांगतो. सभेला जाण्यापूर्वी त्याने सहकाऱ्यांना विचारावे आणि सभेहून परतल्यावर त्यांना सांगावे, कारण जो विचारीत नाही व सांगत नाही तो प्रतिनिधी नव्हे, पाहुणा होय. जे मूल आणि जो पालक सभेत नाही, त्याची आठवण त्याने करून द्यावी. खाजगीत ऐकलेले घरचे दुःख त्याने सभेत उघडे करू नये. गरज मांडावी, नाव राखावे. आणि मतभेद झाला तर तो स्टाफरूममध्ये कुजबुजत न बसता टेबलावर मांडावा.

परंतु ही यादी एकट्या शिक्षकाच्या गळ्यात बांधून आपणां नागरिकांस मोकळे होता येणार नाही. सभेत खरे बोललेल्या शिक्षकाच्या वाट्यास पुढच्या वर्षी नकोसा वर्ग आणि नकोसे तास येतात, हे आपण सर्वजण जाणतो. कायद्याने त्याची नोकरी राखली, त्याचा मान राखणे आपल्या हाती आहे. तो एखादी अप्रिय गोष्ट सांगू लागला आणि समोरच्या पन्नास पालकांपैकी दोघांनी जरी म्हटले, “सर, पूर्ण सांगा, आम्ही ऐकतो आहोत,” तर त्याला खाली बसविणे कोणास सोपे जाणार नाही.

औरंगाबाद हे नाव जाऊन २०२३ पासून हे शहर छत्रपती संभाजीनगर झाले आहे. शाळांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. १९३८ च्या त्या नोव्हेंबरात या गावच्या शिक्षकाला आणि पालकाला जी बैठक मिळाली नव्हती, ती आज प्रत्येक शाळेत अंथरलेली आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील आणि नव्या समित्या बनतील. आपल्या मुलाच्या शाळेतील शिक्षक-प्रतिनिधी कोण, तो निवडला गेला की नेमला गेला, आणि गेल्या वर्षीच्या वहीत काय लिहिले आहे, एवढे तीन प्रश्न प्रत्येकाने जाऊन विचारावेत. वही पाहण्याचा आग्रह धरावा.